उणे चार

मी एक जुना थर्मामीटर आहे. मित्रांनो, एवढे तरी तुम्ही न तपासता मान्य कराल, अशी आशा आहे. एरवी माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि मीही कोणावर ठेवत नाही.

माझ्या पोटात पारा नाही, लाल रंगाची दारू आहे. कारखान्याने मला तपासून, शिक्का मारून ब्रिटिश कोलंबियातल्या एका डोंगरी झोपडीत पाठवले. तिथली राखणदार ग्वेन हिने मला बाहेरच्या भिंतीवर, चुलीच्या धुराड्याला खेटून टांगले. धुराड्याशेजारचा कोणीही चार अंश चढवूनच बोलणार! सहा वर्षे मी तसा बोललो. स्की करायला येणारे म्हणत, हा थर्मामीटरच खोटा, यातून चार वजा करा. ग्वेनचा भाऊ लॉर्न वाटाड्या होता. त्याला तर ही वजाबाकी तोंडपाठ होती.

गेल्या एप्रिलमध्ये धुराडे साफ करताना ग्वेनच्या हाताला भिंत गरम लागली. तिने मला गुपचूप काढून उत्तरेकडच्या सावलीतल्या खांबावर ठोकले आणि कोणालाच सांगितले नाही. मला तेव्हाच संशय आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे लॉर्न दोन पाहुण्यांना घेऊन दक्षिणेचा मोठा उतार ओलांडायला निघाला. वसंतात तिथला नियम एकच: रात्री बर्फ गोठून टणक झाले असेल तरच जायचे, नाहीतर ऊन लागताच अख्खा उतार अंगावर येतो. त्या रात्री ढग घोंगडीसारखे पसरून ऊब धरून होते. मी शून्याच्या वर दोन अंश दाखवत होतो, अगदी खरे.

"दोनातून चार गेले, उणे दोन. गोठलंय, चला," लॉर्न म्हणाला. मला हलवलेले दिसते, असे एका पाहुण्याने सुचवून पाहिले.

"जागा बदलली म्हणून खोड जाते होय?" लॉर्नने उडवून लावले.

ग्वेन हातात लापशीचा डाव घेऊन दारात गप्प उभी होती. या भावापुढे चूक कबूल करायची म्हणजे पुढची वीस वर्षे टोमणे. तिघांनी स्की चढवल्या. मला ओरडता येत नाही.

"लॉर्न, खोड त्याची नव्हती," ती शेवटी म्हणाली. "धुराड्याची होती. मीच तिथं टांगला होता."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं. आता स्की काढ आणि पाय टाकून बघ."

त्याने बहिणीकडे संशयाने पाहत एक स्की काढली. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

सव्वानऊला ढग फाटले आणि दहाच्या आत तो उतार कोसळला. ओल्या सिमेंटसारखे बर्फ खालची झाडे मोडत दरीत गेले. पाहुण्यांनी कप खाली ठेवले. "तोवर आम्ही पलीकडे पोचलो असतो," लॉर्न म्हणाला. मग तो हातोडी घेऊन बाहेर आला आणि मला आणखी एक खिळा ठोकून गेला.

मित्रांनो, माझा आकडा वाचण्याआधी मला कुठे टांगले आहे ते पाहा, आणि बर्फात पाय टाकून खात्री करा. आणखी एक विनंती. ज्याने मला चुकीच्या जागी टांगले, त्याला ते सांगणे इतके अवघड करून ठेवू नका. त्या पहाटे ग्वेन किती वेळ गप्प होती, ते मी मोजले आहे. तेवढा वेळ डोंगर दरवेळी देईल, याचा मला भरवसा नाही.