शेवटच्या अंकाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना, लटकता वजनकाटा आहे. आज अंगणवाडीच्या खुंटीवर मी निवृत्त असून माझ्या हुकाला एक रिकामी पिशवी तेवढी लटकते. तिचे वजन मला विचारू नका. एका संख्येवरून केवढे रामायण घडू शकते, हे मी पाहिले आहे.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. पोटात पोलादी स्प्रिंग, समोर पांढरी तबकडी. तबकडीवर किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या रेघा जाड होत्या. त्यांच्या मधल्या, शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघा केसासारख्या बारीक. त्यावर पारदर्शक झाकण.

१९८७ साली मी तेलगावजवळच्या एका वस्तीवर आलो आणि तिथल्या अंगणवाडी सेविका केसरबाई यांच्या हाती पडलो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या मला शाळेच्या ओसरीत तुळईला टांगत, कापडी झोळीत मूल बसवत आणि वजन वहीत लिहीत. ज्या मुलाचे वजन कमी भरे, त्याला खाऊचा दुप्पट वाटा मिळे. दुसऱ्याच वर्षी एका धष्टपुष्ट मुलाच्या लाथेने माझे झाकण फुटले. तेव्हापासून केसरबाई माझा चेहरा रोज पुसू लागल्या. 'काटा अत्यंत स्वच्छ' असा शेरा तपासणीच्या वहीत सलग चार वर्षे आहे. मला त्याचा अभिमान होता.

१९९६ च्या ऑक्टोबरअखेर बीडहून अमरनाथ नावाचे तरुण सांख्यिकी सहायक आले. माणूस प्रामाणिक, खिशात नवा कॅल्क्युलेटर. त्यांनी केसरबाईंच्या वहीतील शेवटची एकशेवीस वजने घेतली आणि प्रत्येकातील दशांशचिन्हानंतरचा अंक मोजला. आठ किलो तीनशे ग्रॅम असेल तर तीन. नऊ किलो पाचशे असेल तर पाच. मुले काही अंक बघून वाढत नाहीत, तेव्हा शून्यापासून नऊपर्यंत प्रत्येक अंक साधारण बारा वेळा यायला हवा. इथे शून्य एकोणपन्नास वेळा आले होते, पाच त्रेचाळीस वेळा. उरलेल्या आठ अंकांच्या वाट्याला मिळून अठ्ठावीस.

त्यांनी काय-वर्ग चाचणी लावली. अपेक्षित आकडे आणि मिळालेले आकडे यांतले अंतर या चाचणीत एका संख्येत मावते. ती संख्या दोनशे बेचाळीस भरली. या चाचणीच्या तक्त्यात अठ्ठावीसच्या पुढेच पी-मूल्य हजारात एकाच्या खाली जाते.

"बाई," अमरनाथ म्हणाले, "तुम्ही खऱ्या असण्याची शक्यता हजारात एकसुद्धा नाही. ही वजनं घरी बसून लिहिली आहेत. पलीकडच्या गावाची वही पाहा, कशी जुळते! पी-मूल्य शंभरात नव्व्याण्णवच्या वर. त्याला म्हणतात खरी नोंद."

त्यांनी अहवालात लिहिले: सेविकेस सेवेतून कमी करावे.

मित्रांनो, इथे क्षणभर थांबा. पी-मूल्य काय सांगत होते? सारे अंक खरोखर समान संधीने येत असते, तर इतकी किंवा याहून मोठी तफावत हजारात एकदाही क्वचितच दिसली असती. एवढेच. अंक समान संधीने येत नव्हते, हे मानायला तो भक्कम आधार होता. ते का येत नव्हते, याबद्दल पी-मूल्य मुके होते, आणि केसरबाई खऱ्या असण्याची शक्यता तर त्याने मोजलीच नव्हती. मूल लटकल्याशिवाय मी वजन सांगत नाही. केसरबाईंना मात्र चाचणीत कुणी लटकवलेच नव्हते. लटकले होते ते अंक.

केसरबाईंना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी पदर खोचला.

"सायेब, तुमचा हिशेब मला कळत न्हाई. पण मी घरी बसून लिव्हलं न्हाई, हे मला कळतं. तुमी सोता मोजा. साठच्या साठ लेकरं. मी काट्याला हात लावणार न्हाई."

"आता अहवाल झाला, बाई."

"झाला तर झाला. चार दिसांनी टोळ्या ऊस तोडायला जातील. मग निम्मी लेकरं गुढीपाडव्यापर्यंत दिसायची न्हाईत. मोजायचं तर उद्याच."

ओसरीच्या कडेला बसलेले धुळाजी आजोबा खोकले. "सायेब, कावून भिता? लेकरं चावत न्हाईत. चावली तर लिहा की वहीत."

अमरनाथ हसले नाहीत, पण थांबले. हे त्यांचे मोठेपण मी आजही मान्य करतो.

दुसऱ्या दिवशी केसरबाई उजाडल्यापासून दारोदार फिरल्या. कुणाच्या घरी बोचकी बांधणे चालले होते, कुणी बाजाराला निघाले होते. "आदी वजन, मग बाजार," असे म्हणत त्यांनी साठही मुले ओसरीत आणली आणि स्वतः दहा हात दूर, पायरीवर जाऊन बसल्या.

अमरनाथांनी मुले झोळीत बसवली, माझा काटा वाचला आणि स्वतःच्या हाताने लिहिले. मंजुळाबाईंचा मुलगा झोळीत बसताच धुळाजी ओरडले, "आरं, त्याच्या मुठीतला पेरू काढा आदी! न्हाईतर पेरूला बी खाऊ चालू व्हईल."

"काढू नका," मंजुळाबाई म्हणाल्या, "पेरूसंगट तरी ते दहाला टेकू द्या!"

दुपारी मोजणी संपली. अमरनाथांनी बेरीज मांडली: शून्य चोवीस वेळा, पाच एकवीस वेळा, बाकीचे आठ अंक मिळून पंधरा. काय-वर्ग एकशे चौदा. पी-मूल्य पुन्हा हजारात एकाहून कमी. कालच्या न्यायाने आता घरी बसून वजने लिहिणारे दोघे झाले होते.

मग त्यांनी मला तुळईवरून उतरवले आणि उन्हात धरले.

"बाई, या बारीक रेघा कुठं गेल्या?"

केसरबाई जवळ आल्या, वाकल्या. "होत्या की. नवा होता तवा होत्या."

"पुसता कशानं?"

"राखेनं. चुलीतली, चाळून. घागर लई लख निघती तिनं."

बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला. आठ वर्षांच्या राखेने बारीक रेघा इतक्या हळूहळू झिजल्या होत्या की, जाड रेघेवर टेकायची सवय डोळ्यांना कधी लागली, ते त्यांना कळले नव्हते. अमरनाथांच्या डोळ्यांना ती एका सकाळीत लागली.

"म्हंजी दोष माझाच," त्या म्हणाल्या. मग ताठ झाल्या. "तसं लिहा, सायेब. चुकली म्हणून लिहा. पण खोटी म्हणून लिहू नका."

अमरनाथांनी अहवालाचे जुने पान फाडले आणि दोन्ही मोजण्यांचे आकडे लिहून त्याखाली कारण लिहिले: खुणा झिजल्या आहेत, सेविका कायम ठेवावी. नंतर त्यांनी पलीकडच्या गावाची वही पुन्हा उघडली. एकशेवीस वजने, आठ अंक नेमके बारा वेळा, एक अकरा, एक तेरा. खऱ्या मुलांची वजने इतक्या शिस्तीत पडत नाहीत. संध्याकाळी ते त्या गावी जाऊन आले. तिथला काटा खोक्यातच होता. कारखान्याची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती.

तो काटा आता केसरबाईंकडे आहे. त्याच्या तबकडीवर त्यांनी जाड पारदर्शक प्लास्टिक शिवले आहे आणि महिन्यातून एकदा त्याच्या हुकाला दोन किलोचे माप टांगून त्या बारीक रेघा मोजतात. राख अंगणवाडीच्या उंबऱ्याबाहेर राहते.

मित्रांनो, आम्हा काट्यांना जपा. पण चमकवू नका. ओला, मऊ फडका पुरे. आणि कधी आकडे जुळले नाहीत, किंवा फारच सुरेख जुळले, तर माणसाचे नाव लिहिण्याआधी काटा खाली उतरवा आणि उन्हात धरून बघा.