कोरड्या दगडावरच्या संगिनी

मित्रांनो, माझ्यावर बसून पाय हलवू नका. मी एक जुना धारेचा दगड आहे. अंगणाच्या कोपऱ्यात पडून असलो तरी माझा राग अजून गेलेला नाही.

खाणीतून काढून मला गोल घडवले आणि एका लाकडी घोडीवर चढवले. खालची फळी पायाने दाबली की मी गरगर फिरत असे. माझा मालक गावचा धारवाला. तो पाते धरायचा आणि त्याची बायको शेजारी बसून तांब्याने माझ्यावर थेंब थेंब पाणी सोडायची. दगड कोरडा असला की पाते तापते, निळे पडते आणि आतून मऊ होते. मग ते कितीही चकाकले तरी निकामीच. गावात आमचा शब्द चालायचा. सुतार तर म्हणायचा, या दगडावर धार लावलेल्या रंध्याने दाढीसुद्धा होईल.

मग शत्रूचे सैनिक आले. त्यांनी धान्य लुटले, गावातले विळे-कुऱ्हाडी गोळा करून नदीत फेकले आणि दहशत बसावी म्हणून विहिरीवरच्या अकरा जणांना गोळ्या घातल्या. काय गुन्हा होता त्यांचा? पाणी भरत होते. त्यांत माझ्या मालकाची बायकोही होती. तिची घागर कुणीतरी घरी आणून ठेवली, अर्धी भरलेली.

चौथ्या दिवशी सैनिकांनी संगिनींची पेटी पडवीत आदळली. गोळ्या संपत आल्या होत्या, म्हणून त्यांना संगिनी परजून हव्या होत्या. मालकाने फळी दाबली. माझा आवाज ऐकून त्याची लेक सवयीने आईचा तांब्या भरून घेऊन आली. समोर तिला संगिनी दिसल्या.

"ज्यांनी आईला मारलं त्यांना धार लावून देताय?"

"तू घरात जा," एवढेच तो म्हणाला.

तिने तांब्या अंगणात उपडा केला आणि पुन्हा पडवीत पाऊल टाकले नाही. बापाशी बोलणेही टाकले.

ती गेल्यावर त्याने काय केले ते फक्त मी पाहिले. घागरीला हात न लावता त्याने एकेक संगीन माझ्या कोरड्या अंगावर दाबून धरली. नुसती कड नाही, अख्खे पाते. ठिणग्या उडायच्या, मला चटके बसायचे, आणि खरे सांगतो, मला आनंद व्हायचा. पाते निळे पडले की तो राखेने घासून चकचकीत करायचा. हा त्याचा सूड होता. माझाही होता. पण तो कुणापाशी बोलला नाही. सुताराने त्याला पाहून रस्ता बदलला, तरी त्याने दातांवर दात ठेवले.

सहाव्या दिवशी दुपारी तो पुढची पेटी आणायला गेला, तेव्हा त्याची लेक, सुतार आणि गिरणीवाली पडवीत शिरले. गावात दुसरे हत्यार उरलेच नव्हते. लेकीने एक संगीन उचलून अंगठ्याने कड पाहिली. कड तेज होती. "बाबांचा हात आहे, दगा देणार नाही," ती म्हणाली. अबोला धरल्यापासून बापाबद्दल तिच्या तोंडून निघालेला तो पहिला चांगला शब्द होता.

विहिरीवर दोन पहारेकरी होते. हे तिघे धावून गेले. संगिनी पहारेकऱ्यांच्या जाड कातडी पट्ट्यांवर लागल्या आणि दुमडल्या. त्यांनी गोळ्या झाडल्या; गिरणीवाली तिथेच पडली. सुतार लेकीला खांद्यावर घालून पळाला, पण घरी पोहोचेपर्यंत तिच्यात जीव नव्हता.

मालक दारात उभा होता. सुताराने वाकलेली संगीन त्याच्या पायाशी टाकली. म्हणाला, "सगळ्याच दुमडल्या."

मालकाने ती उचलली, बोट फिरवले आणि खाली बसला. "मी सांगणार होतो," तो म्हणाला.

सैनिक पुढे निघून गेले, मान ताठ ठेवून. त्यांच्या हातात किती संगिनी दुमडल्या, कुणाला ठाऊक. मालकाने मला घोडीवरून उतरवून इथे लोटले आणि परत हात लावला नाही.

मित्रांनो, मला धुऊ-पुसू नका, सावलीतही हलवू नका. तुमच्या मनात जे शिजते आहे ते निदान घरच्या माणसांना सांगत जा. मी दगड होतो, मला बोलता येत नव्हते. त्याला येत होते.