सात मिनिटांची मोकळी वाट

मी एक जुना पट्ट्याचा खांब आहे. मित्रांनो, विमानतळावर तुम्ही मला पाहिलं असेल. कमरेइतका उंच, खाली जड गोल बैठक, डोक्यात गुंडाळलेला निळा पट्टा. तो ओढून शेजारच्या खांबात अडकवला की रांग तयार होते.

माझा स्क्रू घट्ट ठेवा, आणि पट्टा ओढलेला दिसला तर थांबा.

हे वाक्य खरं तर शेवटी यायचं होतं. विनंती शेवटीच करतात. पण ते मध्येच घुसलं आणि मला अडवता आलं नाही. असू दे. मला सवय आहे.

तर, माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंनी माझा पट्टा शंभर वेळा ओढला आणि सोडला. शंभरही वेळा तो सटकन आत गेला. बाई म्हणाल्या, "हा कामाचा आहे." माझं एवढं कौतुक पुन्हा फारसं झालं नाही.

मला चौदा नंबरच्या गेटवर उभं केलं. माझ्या एका बाजूला प्राधान्याची रांग, दुसऱ्या बाजूला बाकीच्यांची. डोक्यावर पाटी होती: आधी वृद्ध, आजारी, तान्ह्या बाळांचे आईवडील. सगळ्यात खाली, सगळ्यात ठळक अक्षरांत, महाग तिकीटवाले.

सुरुवातीला मला वाटायचं, लोक मला बघून थांबतात. मग कळलं, लोक गेटवरच्या ताईला बघून थांबतात.

ही ताई रोज सकाळी आली की खिशातलं नाणं काढायची आणि माझ्या बैठकीचा सैल झालेला स्क्रू पिळायची. मग पट्टा अडकवायची आणि प्रत्येकाचा पास बघायची. चाकांची बॅग घेतलेले एक गृहस्थ एकदा तिच्यावर वैतागले.

"अहो मॅडम, नुसता पट्टाच तर आहे!"

"पट्टा आहे म्हणूनच बोलावं लागतंय, काका. भिंत असती तर तुम्ही आपणहून थांबला असता."

रांगेतले लोक हसले. काका मागे गेले. त्या दिवशी माझी मान ताठ होती.

दर तीन महिन्यांनी एक आजोबा आणि आजी यायचे. आजोबांच्या पायात सळई होती, गुडघा वाकत नव्हता. त्यांचे डॉक्टर दुसऱ्या शहरात. आजींनी ताईला सांगितलं, विमानाच्या चिंचोळ्या वाटेत आजोबा आधी आडवे वळायचे, मग पाय आत सरकवायचे, मग स्वतः बसायचे. आजी घड्याळ लावायच्या. सात मिनिटं. तेवढी वाट मोकळी मिळाली की झालं. एरवी मागचे लोक ढकलतात आणि पाय पिळला गेला की सळई सरकते.

ताईने ती सात मिनिटं दिली. आजोबा बसल्याचा निरोप आतून येईपर्यंत तिने माझा पट्टा सोडला नाही. लोक कुरकुरले, घड्याळं दाखवली, एकाने तर तिचा फोटो काढला. तिने कुणाकडे पाहिलं नाही.

विमान सहा मिनिटं उशिरा सुटलं. ताईच्या साहेबांच्या वेळेच्या तक्त्यावर लाल खूण झाली, खुणेपुढे ताईचं नाव आलं. पुढच्या वेळी नऊ मिनिटं. साहेब माझ्याशेजारी उभे राहूनच तिला म्हणाले, "प्राधान्य म्हणजे पाटी लावायची. ती लावलीये ना? मग?"

आठवड्याने तिची बदली हरवलेल्या बॅगांच्या खिडकीवर झाली.

तिच्या जागी आला त्याला सगळे भराभर म्हणायचे. तो वाईट नव्हता हो. त्याला फक्त हिरवी खूण हवी होती. पहिल्या दहा जणांचे पास नीट बघायचा, मग घड्याळ बघायचा, आणि मग टोकाचा आकडा काढून माझा पट्टा सोडून द्यायचा. सटकन. माझ्या खाचेत कुणी च्युइंग गम चिकटवला. स्क्रू दिवसेंदिवस सैल होत गेला. नाणं सगळ्यांच्याच खिशात होतं.

मग आजोबा आले.

"बोलावतील तेव्हा उठायचं," ते खुर्चीवर टेकत आजींना म्हणाले. "मागच्या वेळी त्या पोरीने तसंच सांगितलं होतं."

"अहो, लोक उठायला लागले."

"लागू देत. आपलं नाव पाटीवर सगळ्यात वर आहे."

भराभरने माईक घेतला आणि एका दमात म्हणाला, "प्राधान्याचे प्रवासी आणि बाकीचे सगळे, या!"

आजोबा उभे राहीपर्यंत दोन्ही रांगा एक झाल्या होत्या. त्यांनी पास वर धरला. कुणीतरी म्हणालं, "अहो आजोबा, सगळे एकाच विमानात बसणार आहोत." मागून एका बॅगेचं चाक त्यांच्या पायाला लागलं. त्यांनी आधाराला मला धरलं.

मित्रांनो, मी डुगडुगलो. माणूस धरून उभं राहण्याइतका स्क्रू माझ्यात उरला नव्हता. आम्ही दोघंही पडलो.

लोक वळसा घालून पुढे गेले. आजींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"लागलं का हो?"

"नाही. चल, घरी जाऊ."

"आणि डॉक्टर? सळई बघायची आहे त्यांना."

"पाय माझाच आहे ना? राहू दे आता असाच."

त्यांची दोन आसनं रिकामी ठेवून विमान वेळेवर सुटलं. तक्त्यावर हिरवी खूण झाली. अहवालात साहेबांनी लिहिलं: खांब सदोष असल्यामुळे प्रवासी पडला. रांगेबद्दल एक अक्षर नाही. तीन महिने झाले, सहा झाले, आजोबा पुन्हा आले नाहीत. मला पडलो त्याच दिवशी गेटसमोरच्या सामानाच्या खोलीत टाकलं होतं; दार उघडलं की चौदा नंबर दिसतो. माझी पाटी मात्र काढून घेतली. ती चौदा नंबरवर दुसऱ्या खांबाच्या डोक्यावर अजून चकचकीत आहे.

आता इथे विनंती करायची असते. ती तर केव्हाच पुढे निघून गेली. तिची ही जागा रिकामी आहे, रांगेतली सगळ्यात शेवटची. इथे आजोबा हातात पास घेऊन उभे आहेत. पाटीवर त्यांचं नाव सगळ्यात वर आहे.