कोरड्या डोळ्यांच्या बायका

डी. ई. म्हणजे ‘ड्रग इव्हॅल्युएशन’, नशेची तपासणी, असं प्राध्यापक रोशेल पेटवे अकरा वर्षं धरून चालली होती. त्याच दोन अक्षरांनी तिचा घात केला होता.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका जुन्या कोर्टाच्या दोन हजार फायली तिनं पालथ्या घातल्या होत्या. सगळ्या फायली दुकानातून उचलेगिरी केलेल्या बायकांच्या. गुन्हा तोच, पण काळ्या बाईला कैद जास्त. मात्र समासात डी. ई. लिहिलेल्या बायका बाजूला काढल्या, की हा फरक चक्क नाहीसा व्हायचा. म्हणजे शिक्षा रंगाला नव्हे, नशेला! शुक्रवारी विद्यापीठाची समिती तिची नोकरी कायम करायची की नाही ते ठरवणार होती, आणि हिच्या हाती भोपळा.

आणखी एक सल होता. त्या ढिगात तिच्या आईची, ओपलचीही फाईल होती आणि तिच्यावरही डी. ई. होतं. ती दिसल्यापासून रोशेल आईशी तुटक वागे. विचारायचा धीर मात्र कधी झाला नाही.

मंगळवारी शेवटचा उपाय म्हणून तिनं त्या कोर्टातल्या निवृत्त टायपिस्टचं, मिस वर्लीनचं घर गाठलं.

“नशाबिशा काय घेऊन बसलीस!” म्हातारी शेंगा सोलता सोलता हसली. “ड्राय आईज. कोरडे डोळे. बाई जबाब देताना रडली नाही, की तपासनीस साहेब म्हणायचे, हिला पश्चात्ताप नाही, मार डी. ई.”

“आणि गोऱ्या बायका? त्या सगळ्या रडायच्या, मिस वर्लीन?”

“कुठल्या गं! त्या गप्प राहिल्या तर साहेब म्हणायचे, बिचारीला धक्का बसलाय, पाणी दे तिला. डी. ई. आपल्या काळ्या बायकांनाच.” मग तिचा आवाज उतरला. “टाइप मीच करायची, पोरी. तेही लिही तुझ्या पुस्तकात.”

रोशेल ताडकन उठली. थंड चहाचा पेला कलंडला, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. जे ती स्वतःच्या हातानं वगळत आली होती, तोच तर पुरावा होता! पायरीवर बसून तिनं संगणक उघडला, डी. ई.वाल्या बायकांना नशेच्या रकान्यातून काढून पुन्हा हिशेबात घेतलं आणि बेरीज पुन्हा केली. फरक डोंगराएवढा उभा राहिला. तिला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीही. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मग तिनं फोन लावला.

“आई, कोर्टातल्या साहेबापुढे तू रडली नव्हतीस ना?”

“आज कुठून आठवलं तुला?”

“सांग ना.”

“कशी रडणार? तू मांडीवर होतीस. मी रडले असते तर तू घाबरली असतीस.”