माळावरचा मकबरा
मित्रांनो, लोक मला पडका मकबरा म्हणतात. मी जुना आहे, पण माझा घुमट शाबूत आहे. डोणगावचा रस्ता सोडून सोयाबीनच्या वावरांतून चालत आलात, की माळावर मी दिसतो.

एका जहागीरदार घराण्याने मला बांधून घेतले. पाथरवटांनी काळा दगड घडवला, चुना मळला. माझ्या पोटात सात कबरी आहेत. घराण्याचा दरारा होता तेव्हा दर गुरुवारी इथे दिवे लागत, पाहुणे मान वर करून घुमट पाहत. मग जहागीर गेली, माणसे पांगली. कुणी गुप्तधनासाठी फरशी उकरली, कुणी कोळशाने भिंतीवर नावे लिहिली. मी कुणापुढे वाकलो नाही.

यंदा उन्हाळ्यात त्याच घराण्यातले जहांगीरमियाँ आले. ते मेहकरला शिवणकाम करतात. माझी दुरुस्ती त्यांना झेपणारी नव्हती, म्हणून माझे दगड एका ठेकेदाराला द्यायचे त्यांनी कबूल केले होते. सोबत मुलगी महनूर होती. तिने मला पहिल्यांदाच पाहिले. ती ओढणीने एकेका कबरीवरची धूळ पुसत राहिली. बाहेर ट्रॅक्टर थांबला, पहारी घेऊन माणसे उतरली.

तेवढ्यात शेजारच्या वावरात भाजी पिकवणारी पंचफुला आली आणि माझ्या पायरीवर बसली.

“मावशी, सरका जरा,” जहांगीरमियाँ म्हणाले.

“नाही सरकत. गारपिटीत माही पोरगी याच ओसरीत झाली. तवा या भिंतीनं मले इचारलं नाही, तू कोन हायस म्हून. गोटे न्यायचे असन तं आंधी मले उचला.”

महनूर तिच्याजवळ आली. “अब्बांनी हो म्हणून टाकलं, मावशी. आता काय करू?”

“तू नाही म्हन.”

महनूर क्षणभर वडिलांकडे पाहत राहिली. मग ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिली. “एकही गोटा जाणार नाही. परत न्या गाडी.”

शेवटी जहांगीरमियाँ मुलीशेजारी जाऊन उभे राहिले. ट्रॅक्टर रिकामा परतला.

मित्रांनो, मला तुमची दया नको. यायचे तर खुरपे घेऊन या; घुमटाच्या फटीत पिंपळाने मूळ धरले आहे, ते वेळीच काढा. त्या सात जणांसाठी आला नाहीत तरी चालेल. आभाळ फाटेल तेव्हा या माळावर कुणाला तरी आडोसा लागेल, आणि तो द्यायला मी उभा राहणार आहे.