किनारा उभा राहिला तेव्हा

२००५च्या एप्रिलमध्ये देवदत्तला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीने दहा दिवसांसाठी तोयामाच्या आखाताकाठी एका कारखान्यात सॉफ्टवेअर बसवायला पाठवलं. एरवी तो एकटाच गेला असता. पण तेव्हा माझे सासरे आमच्याकडे आले होते आणि महिनाभरात ते जपानातल्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरातून मोजून चार वेळा खाली उतरले होते. सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. बाबा सकाळी आंघोळ करून गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे ते जेवायलाच उठायचे. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे.

"दोघंही चला माझ्याबरोबर," देवदत्त म्हणाला. "समुद्र आहे, डोंगर आहेत. इथे बसून काय करणार?"

मला जपानात येऊन दोन वर्षं झाली होती. भाजी आणणं, कचरा वेगवेगळा करून ठरल्या दिवशी ठेवणं, स्टेशनवर प्लॅटफॉर्म विचारणं, एवढं जपानी मला येत होतं. पण नवऱ्याशिवाय परक्या गावात मी कधी फिरले नव्हते. आता सोबत सत्तरीचे सासरे असणार होते.

गावाचं नाव नामिसे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बर्फाने पांढरे झालेले डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत हे गाव. आम्ही एका घरगुती लॉजमध्ये उतरलो. पहिल्या दिवशी देवदत्त कामावर गेल्यावर मालकीणबाईंनी मला एका कागदावर पेन्सिलीने गावाचा नकाशा काढून दिला. त्यावर एक मासा होता, एक पूल होता आणि एक मोठा पाण्याचा थेंब.

"बाबा, जाऊन येऊ या का?" मी विचारलं.

त्यांनी नकाशा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. "उत्तर दाखवलेली नाही," ते म्हणाले. पण चपला घालायला उठले.

बाबा म्हणजे दिगंबर, पाटबंधारे खात्यातले सर्व्हेअर. चौतीस वर्षं सोलापूर जिल्ह्यात कालव्यांची मापं घेत उन्हातान्हात फिरलेले. नकाशा दिसला की तो तपासल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

बस दोन तासांनी एक. मागच्या दाराने चढायचं, दाराशी यंत्रातून नंबराची चिठ्ठी निघते ती घ्यायची. बसमध्ये आम्ही आणि एक म्हातारी, एवढीच माणसं. मी माशाच्या चित्रापाशी उतरायचं ठरवलं होतं, पण पाटीवरची अक्षरं लागेपर्यंत थांबा मागे पडला आणि आम्ही शेवटच्या थांब्यावर, बंदराच्या पार पलीकडच्या टोकाला उतरलो. मला रडूच यायचं बाकी राहिलं.

"पुढची बस दोन तासांनी आहे, बाबा."

"मग चालू या. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा. चुकणार कसं?"

आम्ही चालायला लागलो. घरं लाकडी, काळपट, एकमेकांना खेटून. दोन घरांमध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढ्या बोळी, आणि प्रत्येक बोळीच्या टोकाला निळ्या पाण्याची उभी पट्टी. वाटेत बंदराच्या तोंडावरचा पूल लागला. आम्ही त्यावर पाय ठेवणार तेवढ्यात घंटा वाजली, दांडा आडवा आला आणि समोरचा अख्खा पूल, रस्त्यासकट, कठड्यासकट, हळूहळू बाजूला फिरला. मोकळ्या वाटेतून एक मासेमारी होडी आत आली. होडीवरच्या माणसाने आम्हाला हात केला. पूल परत फिरून जागेवर येऊन बसला तेव्हा बाबा खाली वाकून सांध्याची फट बघत होते.

"बोटभरसुद्धा फरक नाही गं," ते म्हणाले. त्या महिन्यात त्यांनी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

पुलापलीकडे नकाशावरचा थेंब होता. एका बोळीच्या कोपऱ्यावर, छपराखाली, दगडी हौद. तळातल्या नळीतून पाणी आपोआप उसळून वर येत होतं. पंप नाही, विजेची तार नाही. एक आजी तिथे समुद्रातलं हिरवं शेवाळ धूत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या सरकल्या आणि लाकडी डाव पुढे केला. बाबांनी ओंजळीत घेऊन चव पाहिली.

"गोडं आहे," ते म्हणाले. "दहा पावलांवर समुद्र आणि इथे गोडं पाणी? विचार त्यांना, कुठून येतं?"

मी मोडक्या जपानीत विचारलं. आजींनी मागच्या बर्फाच्या डोंगरांकडे बोट दाखवलं आणि ते बोट जमिनीखालून चालत आल्यासारखं हौदापर्यंत आणलं. भाषा लागलीच नाही. बाबा त्या डोंगरांकडे बघत राहिले. ज्यांनी जन्मभर पाणी उतारावरून नेण्यासाठी जमिनीची इंच-इंच मापं काढली, त्यांच्या पायापाशी पाणी स्वतःच्या पायांनी येऊन उभं राहिलं होतं. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली, प्यायले, आणि ओले हात तोंडावरून फिरवले.

आजींचं नाव कुवाता. आम्ही त्यांच्याशेजारी बसून घरून आणलेल्या डब्यातली थालीपीठं काढली, त्यांनाही दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून कपाळापर्यंत नेलं, मग खाल्लं, आणि तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तशा खदखदून हसल्या.

तेवढ्यात विजेच्या खांबावरचा भोंगा घरघरला.

आधी घंटेसारखा सूर, मग बाईचा संथ आवाज. मला एक अक्षर कळेना. पण आजी ताडकन उठल्या. समोरच्या घराचं दार सरकलं, एक माणूस रबरी एप्रनसकट बाहेर आला. सायकली, पावलं, हाका. सगळं गाव घराबाहेर पडत होतं.

चारच महिन्यांपूर्वी, डिसेंबरमध्ये, आम्ही टीव्हीवर त्या लाटा पाहिल्या होत्या. तामिळनाडूचे किनारे, अंदमान. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"लाट येतेय का गं?"

"माहीत नाही बाबा. वर जाऊ या, चला, डोंगराकडे."

मी त्यांना ओढायला लागले. पण बाबा हलेनात. "थांब. बघ जरा, ही माणसं कुठे चालली आहेत."

मी बघितलं. सगळे समुद्राकडे चालले होते. एक बाई बाळाची गाडी ढकलत त्याच दिशेने निघाली होती, आणि ती हसत होती. कुवाता आजी मागे वळून मला म्हणाल्या, "शिन्किरो! हायाकु, हायाकु!" पहिला शब्द मला येत नव्हता. दुसरा येत होता. लवकर, लवकर.

आम्ही त्यांच्यामागे बोळीतून धावलो. बाबासुद्धा, धोतराचा सोगा हातात धरून.

समुद्राच्या बांधावर शंभरेक माणसं उभी होती. लाल मोटारसायकलवरचा पोस्टमन, एप्रन घातलेला कोळी, शाळेच्या टोप्या घातलेली मुलं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी समोर पाहिलं.

सकाळी बसमधून आखाताचा पलीकडचा किनारा दिसला होता. वीस-पंचवीस किलोमीटरवर, निळसर, पाण्याला चिकटलेला. आता तो किनारा उभा राहिला होता. गोदामं, धुराडी, घरं वर ताणली जाऊन एकाला एक लागलेल्या उंच पांढऱ्या भिंती झाल्या होत्या, आणि त्या भिंती हलत होत्या, वाऱ्यावर पडदा हलावा तशा, पण फार सावकाश. एक लांबचा पूल पाण्यापासून सुटून हवेत तरंगत होता. एक जहाज चाललं होतं आणि त्याच्या डोक्यावर दुसरं जहाज, उलटं, डोलकाठीला डोलकाठी लावून, त्याच्याच चालीने चाललं होतं.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं.

शेजारच्या एका गृहस्थांनी गळ्यातली दुर्बीण काढून बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती डोळ्यांना लावली, सवयीने एक डोळा मिटला, मग दोन्ही उघडले. कितीतरी वेळ ते तसेच होते.

"बाबा, काय आहे हे? मृगजळ?"

"मृगजळ खाली दिसतं. तापलेल्या जमिनीवर. सोलापुरात दहानंतर आमची मापं बंद व्हायची त्यामुळे." ते दुर्बीण न काढता बोलत होते. "हे उलटं आहे. खालची हवा बर्फाच्या पाण्याने गार, वर गरम. मधून येताना उजेड वाकतो. वक्रीभवन म्हणतात. लांबचं माप घेतलं की त्याची दुरुस्ती करावी लागते. तक्त्यात छोटासा आकडा असतो बघ, तो लावायचा."

ते थांबले. दुर्बीण खाली आली.

"चौतीस वर्षं मी हे दुरुस्त करत आलो, स्वरूपा. चूक म्हणून."

मी त्यांचा दंड धरला. पांढऱ्या भिंती आणखी उंच झाल्या, मधोमध फाटल्या, पुन्हा जुळल्या. मुलांमधून "आऽऽ" असा एकच सूर उठला आणि विरला.

"सरोजिनी इथे असती ना," बाबा म्हणाले, "तर तिने पाच मिनिटं बघितलं असतं. मग म्हणाली असती, चला आता, जेवणं गार होतायत." ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. गेल्या वर्षभरात त्यांनी सासूबाईंचं नाव घेतलं नव्हतं. मी पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक पुढे केलं. त्यांनी ते घेतलं.

पाऊण तासाने वाऱ्याची दिशा बदलली. भिंती खचत खचत पाण्याला टेकल्या, पूल खाली बसला, उलटं जहाज पुसलं गेलं. माणसं एकमेकांना वाकून नमस्कार करून कामाला परतली. पोस्टमनने गाडी सुरू केली. मालकीणबाईंनी नंतर सांगितलं की हे शिन्किरो, म्हणजे समुद्रावरचं मृगजळ, वसंतात काही मोजके दिवसच दिसतं, कधी ते कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या सासूला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा दिसलं होतं.

उरलेले दिवस आम्ही रोज बाहेर पडलो. आता बाबाच मला हाक मारायचे. बसची चिठ्ठी तेच घ्यायचे, ड्रायव्हरला "ओहायो" म्हणायचे, बोळींना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. गावात अशा पाण्याच्या अठरा जागा निघाल्या. त्यांनी सगळ्या चाखल्या आणि तिसरी सर्वांत गोड ठरवली.

शेवटच्या दिवशी देवदत्तला अर्धा दिवस सुट्टी मिळाली. बाबा त्याला घेऊन निघाले, मी मागे. त्यांनी त्याला पूल फिरेपर्यंत थांबवलं, सांध्याची फट दाखवली. हौदापाशी कुवाता आजी होत्याच. बाबांनी देवदत्तच्या खांद्यावर हात ठेवला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "हा माझा मुलगा."

आजी कमरेत वाकल्या. बाबाही वाकले, त्यांच्याहून खाली. आजी जपानीत काहीतरी बराच वेळ बोलल्या आणि बाबा "हो ना, हो ना" म्हणत राहिले.

मग आम्ही बांधावर गेलो. आकाश ढगाळ होतं, वारा बोचरा होता. पलीकडचा किनारा पाण्यालगत, बारीक, पेन्सिलीची रेघ ओढावी तसा. देवदत्त म्हणाला, "काहीच दिसत नाहीये की."

"दिसतंय ना," बाबा म्हणाले. "तोच तो. बघ नीट."

तो बघायला लागला. आम्ही दोघंही.