वाकड्या केसांचा ब्रश

मी एक जुना चपटा ब्रश आहे, मित्रांनो. माझे केस एका बाजूला वाकलेले आहेत. जन्मतः मी असा नव्हतो. लाकडी दांडा, पत्र्याचं कडं, सरळ कापलेले केस. दुकानात एका चित्रकार मावशीने मला गालावर फिरवून पाहिलं आणि लगेच पसंत केलं.

मावशीच्या खिडकीतून तळं दिसतं. काठावर गावाची घरं, मागे डोंगर आणि पाण्यात ते सगळं उलटं. आम्ही हेच वर्षानुवर्षं रंगवलं. लोक वाहवा करत आणि मावशी मला साबणाने धुऊन आडवं ठेवी. मीही जरा शेफारलो होतो म्हणा.

मग मावशीचा हात थरथरू लागला. चित्रात घराची भिंत काढायला जावं, तर ती झिंगल्यासारखी व्हायची. तिने ती खरवडली, पुन्हा काढली, पुन्हा खरवडली. "संपलं आपलं," म्हणाली आणि मला रंग धुवायच्या टर्पेंटाइनच्या बरणीत डोक्यावर उभं करून निघून गेली. तिथेच माझे केस वाकले. ती चारचौघांत हात खिशात लपवू लागली, याचं मला जास्त वाईट वाटलं.

एकदा तिची भाची राहायला आली. ती इमारतींचे नकाशे काढते. अर्धवट चित्र पाहून म्हणाली, "मावशी, घरं आणि डोंगर मी काढते. पाणी तू कर."

"अगं, हात कुठे स्थिर आहे माझा?"

"मग पाणी तरी कुठे स्थिर असतं?"

 भाचीची घरं आणि डोंगर काढून झाल्यावर मावशीने आधी नवा ब्रश घेतला. त्याने घरांची प्रतिबिंबं आरशातल्यासारखी गुळगुळीत उतरली. तिने नाक मुरडलं आणि मला उचललं. ओल्या रंगावरून मला आडवं ओढलं. तिचा हात थरथरला, माझे केस फाकले आणि भिंती, छपरं, डोंगर, सगळं पाण्यात हलू लागलं.

"निळा अजून काढ गं," मावशी म्हणाली.

चित्र भिंतीवर लागलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "अगं बाई, पाणी अगदी हलतंय हो!"

"पाणी कुठलं? हा हलतोय!" असं म्हणून मावशीने खिशातला हात काढून तिच्यासमोर धरला आणि ती खळखळून हसली.

तेव्हा मित्रांनो, वाकडा झाला म्हणून कुणाला लगेच टाकू नका. पण म्हणून मुद्दाम वाकवूही नका! काम झालं की ब्रश धुवा, आडवा ठेवा. मावशी आता रोज तसंच करते. थोडं पाणी फरशीवर सांडतं, एवढंच.